वुडस्टॉक आरंभापासून अखेरपर्यंत ऐकताना

वुडस्टॉकचा संगीत महोत्सव १५ ते १८ ऑगस्ट १९६९ या काळात न्यूयॉर्क राज्यातील बेथेल या गावी, मॅक्स यासगर या दुग्धव्यावसायिकाच्या शेतावर झाला, हे बहुतेक रसिकांना ठाऊक असते. मात्र आपल्या मनातला वुडस्टॉक हा प्रत्यक्ष महोत्सवापेक्षा १९७० साली आलेल्या मायकल वॉडली यांच्या चित्रपटाने आणि त्याच वर्षीच्या तीन तबकड्यांच्या अल्बमने घडवलेला असतो. चित्रपटात कलाकारांचा क्रम बदललेला आहे, कित्येकांना त्यात मुळीच जागा मिळालेली नाही, आणि अल्बमवरचे ‘सी ऑफ मॅडनेस’ हे क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग यांचे गाणे तर बेथेलला नव्हे, न्यूयॉर्क शहरातील फिलमोर ईस्ट या सभागृहात ध्वनिमुद्रित झालेले आहे. या महोत्सवाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, ऑगस्ट २०१९ मध्ये, ऱ्हायनो या कंपनीने ‘बॅक टू द गार्डन’ या नावाने त्याचा जवळजवळ संपूर्ण ध्वनिसंग्रह काढला. ३८ सीडी, ४३२ ध्वनिमुद्रणे, सुमारे ३६ तासांचा ऐवज, आणि महोत्सवाच्या सालाची आठवण म्हणून केवळ १९६९ प्रती. हा संच मी क्रमाने, काहीही न वगळता ऐकला. तो कसा ऐकला आणि ऐकता ऐकता माझे कोणते समज बदलले, हे येथे नोंदवतो.

संचाची किंमत ७९९ डॉलर होती. एकट्याने एवढी रक्कम घालणे मला शक्य नव्हते, म्हणून आम्ही तिघा स्नेह्यांनी मिळून तो घेतला आणि आळीपाळीने आपापल्या घरी ठेवायचे ठरवले. प्लायवुडच्या पेटीत सीडींबरोबर महोत्सवाचे एक आयोजक मायकल लँग यांचे पुस्तक, मूळ कार्यक्रमपत्रिकेची प्रतिकृती, छायाचित्रे आणि गिटारचा पट्टा अशा बऱ्याच वस्तू आहेत. संग्राहकांना त्यांचे मोल असेल. माझे लक्ष सीडींवर होते आणि त्या वस्तू मी एकदा पाहून पेटीत परत ठेवल्या.

ऐकायला सुरुवात करण्यापूर्वी मी स्वतःला काही बंधने घालून घेतली. क्रम मोडायचा नाही. दोन गाण्यांमधील निवेदने, वाद्ये लावण्याचा वेळ आणि नुसती वाट पाहण्याचा वेळसुद्धा पुढे सरकवायचा नाही. संच संपेपर्यंत चित्रपट पाहायचा नाही. आणि शक्य असेल तेथे मूळ सादरीकरण ज्या प्रहरी झाले त्याच प्रहरी ते ऐकायचे. हे शेवटचे बंधन आपल्याकडच्या श्रोत्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये, कारण राग आणि त्याची वेळ यांचे नाते आपण लहानपणापासून ऐकत आलेले असतो. रॉक संगीताला असा समयसिद्धांत नाही, हे खरे आहे. तरीही शुक्रवारी संध्याकाळी पाचनंतर सुरू झालेला आणि सोमवारी सकाळी संपलेला कार्यक्रम दुपारच्या फावल्या वेळात तुकड्यातुकड्याने ऐकणे मला पटत नव्हते. फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूएक्सपीएन या रेडिओ केंद्राने २०१९ च्या ऑगस्टमध्ये हा संग्रह मूळ वेळापत्रकानुसार प्रसारित केला होता, तेव्हा या कल्पनेला आधारही होता.

पहिल्याच सीडीने एका दंतकथेला धक्का दिला. वाहतूक तुंबल्यामुळे इतर कलाकार पोहोचू शकले नाहीत, म्हणून रिची हेवन्स यांना पुनःपुन्हा मंचावर धाडले गेले, ते जवळजवळ तीन तास गात राहिले आणि गाणी संपल्यावर त्यांनी ‘फ्रीडम’ हे गाणे तेथेच रचले, अशी कथा मी कितीदा तरी वाचली होती. प्रत्यक्ष ध्वनिफितीवर त्यांचे गायन तासाभराच्या आत संपते. ‘फ्रीडम’ मात्र खरोखरच शेवटी येते आणि ते जागच्या जागी घडत आहे हे कानाला स्पष्ट कळते. गिटारचा ठेका आधी सुरू होतो, शब्द मागाहून येतात, एकच शब्द पुनःपुन्हा घोळवला जातो आणि मग त्यातून ‘मदरलेस चाइल्ड’ हे जुने आध्यात्मिक गीत वर येते. गायकाला पुढची ओळ सापडेपर्यंत ठेक्याने त्याला सांभाळून धरावे, ही क्रिया आपण ठुमरीत किंवा भजनात अनेकदा अनुभवतो. तीन तासांची कथा गळून पडल्याने हेवन्स यांची थोरवी कमी होत नाही. उलट, एवढ्या थोड्या अवधीत त्यांनी केवढा समुदाय बांधून ठेवला हे ध्यानात येते.

शुक्रवारच्या भागात मला सर्वांत अनपेक्षित वाटले ते बर्ट सॉमर यांचे गायन. चित्रपटात ते नाहीत, १९७० च्या अल्बममध्ये नाहीत, आणि त्यामुळे कित्येक दशके वुडस्टॉकच्या आठवणीतही नव्हते. पॉल सायमन यांचे ‘अमेरिका’ हे गाणे त्यांनी संपवले तेव्हा लोकांनी उभे राहून त्यांना दाद दिली, आणि ती दाद या सीडीवर आहे. कोणाचे काय लक्षात राहावे हे संकलकाच्या मेजावर ठरते, हे मला पूर्वीही तत्त्वतः मान्य होते, पण ही दाद कानांनी ऐकल्यावर त्या वगळण्यातला अन्याय मला फार जवळून जाणवला. संपूर्ण संग्रह काढण्याचे सर्वांत मोठे समर्थन मला विचारले, तर मी हीच सीडी पुढे करीन.

त्यानंतर टिम हार्डिन, आणि मग रात्री पं. रविशंकर. ते चित्रपटात दिसत नसल्यामुळे वुडस्टॉकमध्ये त्यांनी वादन केले होते हे अनेकांना सांगावे लागते. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर माया कुलकर्णी होत्या. प्रथम पूरिया धनाश्री, त्यातील गत सवारी तालात; मग झपतालात स्वतंत्र तबलावादन; आणि अखेरीस मांज खमाज, त्यात आलाप, जोड आणि केरवा तालातील धून. पूरिया धनाश्री हा दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावरचा राग. कोमल रिषभ, कोमल धैवत आणि तीव्र मध्यम यांनी मावळत्या उजेडाची जी कातरता येते, ती तेथे पोहोचली तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता आणि वादनाच्या दरम्यान पाऊसही सुरू झाला. ही सीडी मी मुद्दाम रात्री, खिडक्या उघड्या ठेवून ऐकली.

येथे मला थांबून थोडे वाद्यांविषयी लिहायचे आहे, कारण या संग्रहाबद्दल लिहिणारे बहुतेक जण गिटार आणि ध्वनिवर्धकांविषयी लिहितात. दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे त्यावरचे कातडे, सैल पडते आणि स्वर उतरतो. हातोडीने गठ्ठे ठोकून तो पुनःपुन्हा वर आणावा लागतो. सतारीच्या लाकडावर आणि तारांवरही हवेचा परिणाम होतो, आणि तरफांच्या तारा जरा जरी हलल्या तरी मूळ स्वरामागे रेंगाळणारा नाद, म्हणजे आस, मंदावते. मैफलीच्या बंद दालनातसुद्धा वादक याची काळजी घेतात. येथे तर उघड्या माळरानावरचा मंच, पाऊस आणि डोळ्यांत न मावणारा समुदाय होता. हे मनात ठेवून झपतालातील वादन ऐकले की अल्लारखाँच्या दहा मात्रांमागची शिस्त वेगळीच कळते. बोल कोठेही घाईने उरकलेले नाहीत. तालाच्या विभागांची दोन-तीन-दोन-तीन अशी चाल, जी त्या समुदायापैकी फार थोड्यांना ओळखीची असेल, ती इतकी निःशंकपणे उभी राहते की वादक घरच्याच श्रोत्यांपुढे बसले आहेत असे वाटावे.

रविशंकर स्वतः मात्र या अनुभवाने सुखावले नव्हते. १९६७ च्या माँटेरे महोत्सवातील आपल्या वादनाविषयी ते आनंदाने बोलत. वुडस्टॉकच्या चिखलात बसलेला जमाव पाहून मात्र त्यांना चिखलात डुंबणाऱ्या म्हशींची आठवण झाली होती, असे त्यांनी पुढे सांगितले. हे वाचून मी त्या सीडीकडे थोड्या धास्तीनेच वळलो होतो. ध्वनिफितीवर मात्र नाराजी ऐकू येत नाही. वादनाचा अवधी त्यांच्या नेहमीच्या मैफलीच्या मानाने आखूड आहे, विस्तार आवरता घेतलेला आहे, पण मांज खमाजातल्या धुनेत मैहर परंपरेची जी लडिवाळ लोकवळणाची गोडी असते ती तेथे पूर्ण आहे. कलाकाराचे समाधान आणि श्रोत्याच्या पदरात पडणारे संगीत या दोन गोष्टी नेहमी सारख्या नसतात.

पावसामुळेच मेलनी या तरुण गायिकेला त्या रात्री गाण्याची संधी मिळाली, कारण इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड यांनी पावसात वाजवायला नकार दिला. तिचा आवाज आरंभी घाबरलेला आहे आणि तो हळूहळू स्थिरावतो. गाणी एकेकटी ऐकली असती तर हे स्थिरावणे मला कळले नसते. शुक्रवारची अखेर जोन बाएझ यांनी केली. त्या तेव्हा गर्भवती होत्या आणि सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध केल्याबद्दल त्यांचे पती डेव्हिड हॅरिस तुरुंगात होते. हे बाएझ मंचावरून कोणताही आविर्भाव न आणता सांगतात आणि पुढच्या गाण्याला लागतात.

शनिवारकडे जाण्यापूर्वी निवेदनांविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण हा संच खऱ्या अर्थाने कोणी एकत्र बांधला असेल तर तो निवेदकांनी. चिप मंक हे मुळात प्रकाशयोजनेसाठी आलेले होते आणि ऐन वेळी त्यांच्या हाती ध्वनिक्षेपक देण्यात आला. ते आणि जॉन मॉरिस तिन्ही दिवस बोलत राहतात. कोणाचे औषध कोठे ठेवले आहे, कोणी कोणाला माहिती कक्षापाशी भेटावे, कोणत्या रंगाच्या अमली गोळीपासून सावध राहावे, मंचाशेजारच्या मनोऱ्यांवरून कृपया खाली उतरावे. एका तरुणाला आपल्या मैत्रिणीशी लग्न करायचे आहे, म्हणून तिने माहिती कक्षापाशी यावे, अशी एक घोषणा आहे. एकाची पत्नी बाळंत होत आहे, त्याने तातडीने मंचामागे यावे, अशी दुसरी. सुरुवातीला मला ही निवेदने गाण्यांमधला भरणा वाटत होती, पण शनिवार दुपारपर्यंत मी त्यांची वाट पाहू लागलो होतो. चार लाखांच्या वर गेलेला जनसमुदाय, तुंबलेले रस्ते, अपुरे अन्न, अपुरे पाणी, आणि त्या सगळ्याला सांभाळणारा एक शांत, खालच्या पट्टीतला आवाज. मंक कधीही ओरडत नाहीत. गर्दीला धमकावून नव्हे, विश्वासात घेऊन कसे बोलावे, याचा एवढा दीर्घ आणि अस्सल नमुना मी अन्यत्र ऐकलेला नाही.

या संचाचे निर्माते अँडी झॅक्स यांनी हे सारे संगीताइतकेच महत्त्वाचे मानले, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून कृतज्ञता वाटते. त्यांनी आणि ध्वनिमिश्रणाचे काम करणाऱ्या ब्रायन केह्यू यांनी दोष झाकण्याचा मोह टाळलेला आहे. मूळ ध्वनिमुद्रण एडी क्रेमर आणि ली ऑस्बर्न यांनी आठ ट्रॅकच्या यंत्रांवर केले होते आणि मैदानावरील ध्वनियोजना बिल हॅन्ली यांची होती. आठच ट्रॅक म्हणजे प्रत्येक वाद्याला स्वतंत्र जागा नाही. जी वाद्ये त्या वेळी एका ट्रॅकवर एकत्र गेली ती पुढे कोणालाही वेगळी काढता येत नाहीत. म्हणून काही ठिकाणी एखादे वाद्य फार मागे पडते, कोठे ध्वनिक्षेपक मध्येच बंद पडतो, कोठे गुणगुण ऐकू येते. मी काही भाग हेडफोनवर आणि काही स्पीकरवर ऐकला. निवेदने, टाळ्या आणि मंचावरची कुजबुज हेडफोनवर उलगडते; सँटाना आणि द हू या रॉक गटांसाठी मात्र खोलीत हवा हलवणारा स्पीकरच हवा.

सँटाना यांचा पहिला अल्बम तेव्हा बाजारात आलेलाही नव्हता. ‘सोल सॅक्रिफाइस’ चित्रपटामुळे प्रसिद्ध आहे, परंतु त्याआधीची गाणी क्रमाने ऐकली की अनोळखी वादकांपुढे बसलेला समुदाय टप्प्याटप्प्याने कसा जिंकला गेला ते कळते. तरुण ड्रमवादक मायकल श्रीव यांचे एकलवादन त्या चढणीचा माथा आहे, आणि माथा पायथ्यापासून चढून गेल्यावरच उंच वाटतो.

संच ऐकण्यातला सर्वांत कठीण भाग शनिवारी रात्रीचा होता आणि तोच मला सर्वांत मोलाचाही वाटतो. ग्रेटफुल डेड या गटाचे वादक मंचावर येतात आणि विजेच्या जोडण्या बिघडतात; वादकांना विजेचे झटके बसत होते. ‘मामा ट्राइड’नंतर कार्यक्रम दीर्घकाळ अडून राहतो. या अडण्यात काहीही घडत नाही. कोणी काही बोलते, कोणी तारा तपासते, निवेदन होते, पुन्हा शांतता. सीडी पुढे सरकवावी असे फार वाटले. सरकवली नाही, आणि त्यामुळेच पुढचे ‘डार्क स्टार’ आणि अतिदीर्घ ‘टर्न ऑन युअर लव्ह लाइट’ मला समजले. हे वादन चांगले नाही, हे वादकांनी स्वतःही मान्य केले आहे. पण ते का चांगले झाले नाही, त्याचे कारण ध्वनिफितीवर संपूर्ण नोंदलेले आहे. त्यांच्यानंतर मध्यरात्र उलटून गेल्यावर आलेले क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल अत्यंत बांधेसूद वाजवतात. त्यांचे गायक जॉन फोगर्टी त्या रात्रीच्या वादनावर समाधानी नव्हते, म्हणून हा गट चित्रपटातही आला नाही आणि अल्बममध्येही नाही. ऐकणाऱ्याला या असमाधानाचे कारण सापडत नाही. मला तर संपूर्ण शनिवारात इतकी नेमकी लय दुसरीकडे आढळली नाही.

गायिका जॅनिस जॉप्लिन, आणि स्लाय अँड द फॅमिली स्टोन, द हू आणि जेफरसन एअरप्लेन हे गट, हा पुढचा भाग मी एका रात्रीत, जागून ऐकला. जॉप्लिन यांचा आवाज दमलेला आहे आणि तो दमलेलाच ठेवलेला आहे. स्लाय स्टोन यांच्या वेळी मात्र इतक्या उशिराही ते मैदान उठून उभे राहते, ते निव्वळ हाक आणि प्रतिसादाच्या बळावर. द हू यांच्या ‘टॉमी’ या रॉक संगीतिकेच्या मध्ये कार्यकर्ते ॲबी हॉफमन मंचावर घुसून तुरुंगातील जॉन सिंक्लेअर यांच्याविषयी बोलू लागतात आणि पीट टाउनशेंड त्यांना हुसकावून लावतात. हा प्रसंग अनेकदा चवीने सांगितला जातो. ऐकताना तो काही क्षणांचाच आहे, आणि त्यातला राग दोन्ही बाजूंनी खरा आहे: एकाला आपल्या कामाचा मंच पवित्र वाटतो, दुसऱ्याला गांजाच्या दोन विड्यांसाठी दहा वर्षांची शिक्षा झालेला माणूस विसरला जाणे असह्य वाटते. मला अजूनही कोणा एकाची बाजू घेता आलेली नाही.

रविवारचा भाग गायक जो कॉकर यांच्यापासून सुरू होतो आणि त्यांच्यानंतर लगेच वादळ येते. संगीत थांबते, पण ध्वनिमुद्रण चालू राहते. मनोऱ्यांवर चढलेल्यांना उतरण्याच्या विनवण्या, वीज बंद करण्याच्या सूचना, लोकांना एकमेकांना धरून राहण्याचे आवाहन. वाऱ्याने एखादा मनोरा कोसळला असता किंवा ओल्या मंचावर वीज उतरली असती, तर या महोत्सवाची कथा फार वेगळी झाली असती, आणि मंचावरच्या माणसांना हे पूर्ण ठाऊक आहे, हे त्यांच्या आवाजातून कळते. वादळानंतर पुन्हा सुरू झालेला कार्यक्रम सोमवारी सकाळपर्यंत लांबला. क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग यांचा लोकांसमोरचा तो दुसराच कार्यक्रम होता, आणि त्यांच्या स्वरमेळात कोठे कोठे ती अनिश्चितता आहे. त्यामुळे तो मला अधिक प्रिय झाला.

सोमवारी सकाळी गिटारवादक जिमी हेंड्रिक्स वाजवू लागले तेव्हा बहुतेक लोक निघून गेले होते. त्यांच्याबरोबर त्या वेळी मोठा वाद्यमेळ होता, परंतु तालवाद्ये वाजवणारे जुमा सुल्तान आणि जेरी व्हेलेझ ध्वनिफितीवर ऐकूच येत नाहीत म्हणावे इतके मागे आहेत. अमेरिकेचे राष्ट्रगीत त्यांनी गिटारवर वाजवले, हे सर्वश्रुत आहे. क्रमाने ऐकताना ते स्वतंत्र घोषणेसारखे येत नाही, तर दीर्घ वादनाच्या ओघात, ‘व्हूडू चाइल्ड’च्या लांबलेल्या विस्तारातून निघते आणि पुढे ‘पर्पल हेझ’मध्ये मिसळते. प्रेक्षकांना उद्देशून केलेले काही त्यात असेलच, पण ते आधी एका वादकाच्या विचाराचा पुढचा टप्पा म्हणून येते.

हा संच ‘जवळजवळ’ संपूर्ण आहे असे मी आरंभी म्हटले, त्याचा खुलासा केला पाहिजे. शा ना ना या गटाचे काही संगीत ध्वनिफितीवर आलेच नाही, म्हणून ते येथे नाही. त्याला इलाज नव्हता. परंतु हेंड्रिक्स यांच्या कार्यक्रमातील दोन गाणी त्यांच्या वारसदारांच्या इच्छेनुसार वगळलेली आहेत, कारण त्यांचा दर्जा पुरेसा नाही असे त्यांना वाटले. ती गाणी सहगिटारवादक लॅरी ली यांनी गायलेली होती. वारसदारांचा अधिकार मला मान्य आहे. पण ज्या संचात ग्रेटफुल डेड यांचे बिघडलेले वादन, जॉप्लिन यांचा थकलेला आवाज आणि अडून राहिलेल्या मंचावरची रिकामी मिनिटे सन्मानाने जपलेली आहेत, त्या संचात ही दोन गाणी कोणाच्याही कीर्तीला बाधक ठरली नसती. लॅरी ली हे हेंड्रिक्स यांचे जुने मित्र होते, आणि हेंड्रिक्स यांनी त्यांना एवढ्या मोठ्या कार्यक्रमात गायला जागा दिली होती. ती त्यांना या पेटीतही मिळायला हवी होती.